पोळ्यांच्या मशीनसाठी घराचे कागद

२ जून

स्मिताने आज जेवता जेवता चौदा लाखांचं नाव काढलं. मीठ मागावं तसं! पोळ्या करायचं मशीन घ्यायचं म्हणे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीच्या कँटीनला एक सप्टेंबरपासून रोज साडेतीन हजार पोळ्या हव्यात. आम्ही करतो नऊशे. खालच्या मजल्यावर सात बायका लाटतात, सूनबाई हिशेब बघते आणि मी ओरडते.

चौदा लाख बँक देणार म्हणे. बँकेला कशाला आमचा एवढा पुळका?

दयानंदला विचारलं. मुलगा माझा, पण तोंड उघडायला मुहूर्त लागतो. म्हणाला, "तुम्ही दोघी बघा." सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं घालवून एवढाच शोध लावलाय त्याने.

५ जून

स्मिताबरोबर बँकेत गेले. कर्जाचा साहेब अवधूत, नागपूरचा. नातू शोभेल एवढा. मराठी ऐकून मला बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं.

कागद उलटेपालटे करून म्हणाला, "मॅडम, ह्या कागदांवरून तर तुमच्या दिवसाला दोनशेच पोळ्या होतात."

स्मिताने माझ्याकडे बघितलं. बघणारच. धंदा मी सुरू केला, सतरा वर्षांपूर्वी. पुण्याची चार पोरं मागच्या गल्लीत भाड्याने राहायची, ब्रेड खाऊन कंटाळलेली. त्यांना डबा दिला, मग त्यांच्या मित्रांना. सगळं रोख. कोणाला पावती नाही, बँकेत भरणं नाही. सरकारला दिसलं की कर आला, एवढं मला कळत होतं. दोन वर्षांपूर्वी स्मिताने दारावर फोनने पैसे घ्यायचा तो चौकोनी कागद चिकटवला, तर मी उलथन्याने खरवडून काढला. रोख आणा, पोळ्या न्या!

आता सातशे पोळ्या रोज लोकांच्या पोटात जातात आणि कागदावर नाहीत. हुशारी माझी.

अवधूत म्हणाला, तारण नसलं तरी चालेल अशी एक योजना आहे. पण मग धंदा चालतो हे मला माझ्या डोळ्यांनी बघावं लागेल. मी एक दिवस येतो. नाहीतर घर तारण ठेवा. घर कोणाच्या नावावर?

माझ्या.

मी म्हटलं, "घर सोडून काय ते बोला."

६ जून

काल बँकेतून परत येताना रिक्षात स्मिताने विचारलंच. "आई, कागद दिले तर पंधरा दिवसांत होईल." नाही म्हटलं. काल रात्री परत विचारलं, आज सकाळी म्हणाली तुम्ही विचार करून सांगा. मी विचार करत नाही, मी सांगते.

ह्यांनी कारखान्यातून कर्ज काढून घर बांधलं. एकोणीस वर्षं पगारातून कापून जायचं. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आमच्याकडे भाजी नसायची, ताक आणि भात. फिटलं त्या दिवशी कागद माझ्या हातात दिले. ते मी परत बँकेत नेऊन देऊ? मशीनसाठी? ज्या मशीनने पोळी फुगते की नाही हेसुद्धा कोणाला माहीत नाही!

१३ जून

तिसऱ्यांदा. आणि ह्या वेळी खाली, सगळ्या बायकांसमोर. "मशीन नाही तर कँटीन नाही, आई. एवढं एकदा समजून घ्या." मी म्हटलं, तुझ्या वडिलांचं घर आहे की धारवाडला, ते ठेव.

बायकांची लाटणी थांबली. रत्नम्माने सगळ्यांना डोळ्याने दटावलं, तेव्हा परत सुरू झाली. रत्नम्मा पहिल्या दिवसापासून आहे, माझ्याइतकीच जुनी. तिला मराठी सगळं कळतं आणि सोयीने कळत नाही.

जरा जास्त बोलले. असू दे.

१९ जून

आज आला अवधूत! स्मिता इलेक्ट्रॉनिक सिटीला नमुन्याच्या पोळ्या घेऊन गेलेली. साडेनऊला घरच्या फोनवर फोन — अकराला येतो, आजी.

खाली जाऊन बघते तर काय. पिठाचा धुरळा, तुपाचे हात, गॅसच्या सिलिंडरवर कोणाची तरी ओली ओढणी, दारात चपलांचा ढीग. बँकेचा माणूस घरी येणार आणि हे दाखवायचं? रत्नम्माला सांगितलं, सगळ्यांना घेऊन घरी जा, आज सुट्टी, पैसे कापणार नाही. ती म्हणाली, "अज्जी, काम बघायला येतात ना ते?" मी म्हटलं, "मला शिकवू नकोस. स्वल्प बेगा, जरा लवकर चल."

मग तासभर मी एकटीने घासलं. परात, पोळपाट, शेगड्या. फरशीवर तोंड दिसेल अशी. दाराशी रांगोळी घातली. रव्याचे लाडू होतेच.

अवधूत आला, इकडे तिकडे बघितलं. "सगळं फारच स्वच्छ आहे हो!" लाडू दोन खाल्ले. बायका कुठे विचारलं. मी म्हटलं, पाहुणे येणार म्हणून घरी पाठवलं. हसला. काहीतरी लिहून घेतलं आणि गेला.

स्मिता संध्याकाळी आली. "कसं झालं?" उत्तम, म्हटलं. ती गच्चीत बराच वेळ फोनवर होती. न जेवता झोपली. बसने दमली असेल.

२७ जून

नामंजूर.

पत्र इंग्रजीत. दयानंदने वाचून सांगितलं. व्यवहार अपुरे. आणि दुसरं — प्रत्यक्ष भेटीत युनिटमध्ये काम चालू असल्याचं आढळलं नाही.

आढळलं नाही! लाडू आढळले वाटतं.

स्मिता पत्र घेऊन खाली गेली. मागोमाग मी. तिने सगळ्यांसमोर रत्नम्माला विचारलं, "त्या दिवशी अकरा वाजता काम बंद का होतं?" रत्नम्माने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात लोणच्याची बरणी होती. मी बरणीचं झाकण लावत राहिले. लागलेलंच होतं.

स्मिता म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

रत्नम्माने हात धुतले, पदराला पुसले, चपला घातल्या. सतरा वर्षं. मागे न बघता गेली. मी बरणी घेऊन वर आले.

२८ जून

रत्नम्मा आली नाही. कशी येईल.

३० जून

पोळ्या जाड होताहेत. सांगायला कोणी नाही. मी सांगितलं तर बायका ऐकतात, पण वर बघत नाहीत.

४ जुलै

दुपारी रिक्षा करून रत्नम्माकडे गेले. घरात कोणालाच सांगितलं नाही. दोन खोल्या, पण चकचकीत. कॉफी दिली. मुलगी कॉलेजात आहे, दुसरं वर्ष, फी परवाच भरली म्हणाली. कुठून भरली विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझी!

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चार परत दिल्या असत्या. ती नुसती म्हणाली, "थोडे दिवस जाऊ दे अज्जी, सरी होईल, सगळं नीट होईल."

म्हटलं, मी स्मिताला सांगते. म्हणजे म्हणायचं ठरवलं होतं. म्हटलं नाही. पाचशे रुपये टेकवत होते, तिने घेतले नाहीत.

५ जुलै

सांगायचं होतं. स्मिताची मैत्रीण आली होती.

७ जुलै

आज मैत्रीण नव्हती. तरी नाही सांगितलं.

सून दारात उभी राहून "तुम्ही बंद केलंत?" विचारेल आणि मी मान खाली घालेन — ते मला जमणार नाही. ह्या घरात मान खाली घालायचं काम मी दुसऱ्यांना दिलंय.

९ जुलै

घराचे कागद काढले. स्मिताच्या पुढ्यात ठेवले. "घे. ठेव बँकेत."

तिने किती तरी वेळ त्यांना हात लावला नाही. मग पाया पडली. दयानंदचे डोळे भरले, त्याला तेवढंच येतं. मी म्हटलं, पुरे, भाजी करपतेय.

रत्नम्माचं काही बोलले नाही. घर दिलं. एवढ्यात ते फिटावं.

३० जुलै

वकील झाला, घराची किंमत करणारा येऊन भिंती ठोकून गेला, घर माझ्या नावावर असल्याचा खात्याचा उतारा काढून झाला. आज सह्या. चौदा ठिकाणी! चौथी शिकलेल्या बाईकडून सगळ्या वर्षाचा अभ्यास एका दिवसात करून घेतला. अवधूतने पेन खाली ठेवून विचारलं, "आजी, समजलं ना? हप्ते थकले तर बँक घर विकू शकते." मी म्हटलं, "समजलं. तू लाडू खाताना सांगायचं होतंस." बिचारा लाल झाला.

चौदा लाख मंजूर. मशीन वीस ऑगस्टला येणार. गल्लीत सगळ्यांना कळलंय. समोरच्या अक्का म्हणाल्या, अशी सासू मिळायला नशीब लागतं. स्मिता शेजारी उभी होती. हसली.

रत्नम्मा अजून घरीच आहे. घर देऊनसुद्धा ते फिटलेलं नाही.

३ ऑगस्ट

सकाळी सांगून टाकलं. स्मिता कणीक मळत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "मला त्याच संध्याकाळी कळलं, आई. अवधूतचा फोन आला होता, आज सुट्टी होती का विचारायला."

मग रत्नम्माला का काढलंस?

"तिच्याशी बोलूनच. पगार चालू आहे तिचा. सोमवारी येईल." मग माझ्याकडे बघितलं. "तीनदा कागद मागितले होते. चौथ्यांदा मागितले असते, तर दिले असते?"

नसते दिले.