नाव घेऊन हाक

सोमवार, ४ नोव्हेंबर

सरावाची बाहुली पुन्हा मेली! चेरीचा मुरंबा पाण्यात कालवून केलेलं रक्त टेबलावरून ठिबकतंय, गर्भाची पिशवी आवळत नाही, आणि आमची बेगिमाय ओरडतेय — "आपा, पिशवी चोळा!" कोण आपा? नारीन शहरातल्या या प्रसूतिगृहात वयाने मोठी प्रत्येक बाई आपाच. मी, सिस्टर आणि फरशी पुसणारी, तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. हलली कुणीच नाही.

इतकी वर्षं शिकाऊ सुईणींना घसा कोरडा करून सांगते — बाळंतिणीला रक्त जायला लागलं की नाव घेऊन हाक मारा, एकीला एकच काम सांगा. नाहीतर प्रत्येकीला वाटतं, दुसरी करेल. बाकीच्या मुली लगेच शिकल्या. बेगिमाय माझं नाव घेऊ शकत नाही. सून आहे ना माझी.

बुधवार, ६ नोव्हेंबर

घरी चहाच्या वेळी बेगिमायला म्हटलं, "माझं नाव घे. म्हण, दामिरा."

लालबुंद झाली. चहा ओतत राहिली, पेला अर्धाच, अगदी मान राखायच्या रीतीप्रमाणे. "जीभच उचलत नाही, आपा."

"समोरची बाई मरायला टेकल्यावर उचलेल?"

तिने पेला माझ्यापुढे सरकवला.

मी तरी सासूचं नाव कुठे घेतलं? तिला मातीत ठेवलं त्या दिवशीसुद्धा 'थोरल्या' असंच म्हणाले. आणि खरं सांगायचं तर बेगिमाय अडखळली तेव्हा आतून बरं वाटलं. सून अशीच हवी मला. सुईण मात्र अशी नको! एकाच पोरीकडून दोन्ही मागतेय मी.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

परीक्षा झाली. बेगिमायचं इंजेक्शन चोख, सलाईन चोख. मग माझ्याकडे वळली आणि — "एलनुराच्या आई! पिशवी चोळा!"

एलनुरा माझी लेक. मुली फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं, ते दाबलं. लेकीच्या नावाआड लपून हाक मारायची, आणि समोर अनोळखी सिस्टर असली तर? तिच्या लेकीचं नाव आधी विचारत बसणार?

नापास केलं.

"आपा, आजपासून घरी चहा थंडच मिळणार बघा," वर्गातली गुलसिना म्हणाली. मोठी आगाऊ पोरगी! पण सिस्टरचं बोलणं लागलं — "रीत पाळली म्हणून सुनेला नापास? काय बाई आहेस गं तू!"

बेगिमायच्या माहेरच्या गावात सुईण नाही. बर्फ वितळलं की तिने तिकडे कामाला जायचं ठरलं होतं. आता परवाना नाही, म्हणजे तेही नाही. गावातल्या बायका बाळंतपणाला पुन्हा ट्रकमधून घाट उतरणार. मी चुकले का? कितीदा विचार केला. नाही चुकले. तरी जेवण गेलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

एलनुराचे दिवस भरलेत, म्हणून आमच्याकडे आलीय. नणंद-भावजय स्वयंपाकघरात खुसखुसत असतात. बेगिमाय माझ्याशी पूर्वीसारखीच नीट बोलते. चहा गरम देते. रुसली असती तर सोपं गेलं असतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

एलनुराला मुलगा झाला. वार पडली आणि मागोमाग रक्त. भळभळ! डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये. बेगिमाय शिकाऊ म्हणून हाताखाली. आणि मी, सगळ्यांना शिकवणारी, लेकीचा चेहरा पांढरा पडताना बघत नुसती उभी. काय करायचं तेच आठवेना.

"दामिरा! पिशवी चोळ! गुलसिना, इंजेक्शन!"

बेगिमायचा आवाज. माझे हात चालू लागले.

एलनुरा आता प्रसूतिगृहात झोपलीय. ओठांना रंग आलाय. बेगिमाय घरी आली ती दारातच मान खाली घालून उभी राहिली, आत येईना. हाताला धरून बसवली. चहा मी ओतला.