हिरवा पट्टा आणि आमचे अध्यक्ष

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

झालं! सकाळी शटर उघडलं तर दुकानासमोर रस्त्याच्या कडेनं हिरवा पट्टा मारलेला, आणि त्याला लागून प्लॅस्टिकचे खांब. सायकलींसाठी म्हणे. दिवाळीपर्यंत प्रयोग. तिथं आता गाड्या लावायच्या नाहीत.

आमचे हे, आप्पासाहेब, हातात कुलूप घेऊन पायरीवरच उभे. "गिऱ्हाईक गाडी कुठं लावनार? डोक्यावर?"

तोंडावर बोलले नाही, पण इथं लिहिते — आमच्या भांड्यांच्या दुकानासमोर सकाळपासून शटर पडेपर्यंत एकच गाडी उभी असते. आमची जीप!

८ ऑगस्ट, शुक्रवार

नवरा अध्यक्ष झाला. सायकल पट्टा विरोधी व्यापारी समिती. उपाध्यक्ष पलीकडचा चप्पलवाला. समोर त्याचीही स्वतःचीच गाडी असायची.

अध्यक्षांच्या नावाची स्टीलची पट्टी मीच कोरून दिली. भांड्यांवर नावं घालायचं मशीन माझ्या हातात असतं ना! "पद जरा मोठ्या अक्षरात घाल," म्हणाले. घातलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आठवडाभर दुकानात माशा. लग्नाची भांडी घ्यायला एक मोटार आली आणि जागा नाही बघून निघून गेली. अध्यक्षांना तेवढंच पुरलं.

दुपारी भिमाजीभाऊ आले. यांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या पोराला, सुनीलला, मोबाईलचं दुकान टाकायचंय, जागा हवी. यांनी चहा पिता पिता शब्द दिला — दसऱ्याला आमचं दुकान भाड्यानं घे! मी आत कपबश्या विसळत होते. मला विचारलंसुद्धा नाही.

घरी खूप भांडले. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मशीनवर बसते मी. अर्ध्या नगरच्या ताट-वाट्यांवर माझं अक्षर आहे. ते गेलं तर दिवसभर करू काय? घरच्या पातेल्यांवर नावं घालू?

"शब्द दिला गं," एवढंच म्हणाले. यांच्या शब्दाचं सगळ्या बाजाराला कौतुक. मला आज त्याचा राग आला.

२५ ऑगस्ट, सोमवार

गंमत बघ. समोर जीप नाही, तर दुकान रस्त्यावरून दिसायला लागलं! बायका चालता चालता थांबतात, सायकलवाल्या पाय टेकतात. गौरीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाट्या हव्यात, वर नाव घालून. दवाखान्यातली नर्स रश्मी रोज इथूनच सायकलवर जायची. आज पहिल्यांदा आत आली. "काकू, हे दुकान नवीन हाय का?"

नवीन! मी हसून हसून बेजार. अध्यक्ष हसले नाहीत. "ते गौरीमुळं चाललंय," म्हणाले.

१० सप्टेंबर, बुधवार

गौरी गेल्या, पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवं भांडं कोणी घेत नाही. तरी माझ्यासमोर रांग! घरचेच जुने डबे, बाटल्या घेऊन येतात — "काकू, नाव घालून द्या, हापिसात अदलाबदल होते." नाव घालायला पितृपक्ष आडवा येत नाही.

माझं टेबल कोपऱ्यातून उचलून पार पायरीजवळ आणलं — यांनीच! "हितं उजेड हाय." संध्याकाळी मात्र समितीची बैठक, पट्ट्याच्या नावानं शंख.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुनील टेप घेऊन मापं घ्यायला आला. फार आनंदात. "काकू, ह्यो पट्टा हाय म्हनून तर जागा घेतोय! समोर गाडी न्हाई, पाटी पार चौकातून दिसती. पट्टा नसता तर फुकट दिली तरी नको म्हनलो असतो."

आप्पासाहेब तराजू पुसत होते. पुसतच राहिले. चहा गार झाला.

१५ सप्टेंबर, सोमवार

यांना काय झालंय! आज मोर्चा. धंदा बुडतो म्हणून दिवसभर धंदा बंद! घोषणा देऊन घसा बसला. आणि बायका मागच्या दारानं माझ्याकडे डबे देऊन गेल्या.

रात्री जेवताना स्पष्ट विचारलं, डोळ्यांना दिसत नाही का, गिऱ्हाईक कशामुळं आलंय? म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाय." मीठ बरोबर होतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जिंकले! आमच्या रस्त्यापुरता प्रयोग बंद. महापालिकेचे साहेब येऊन खांब उपटून गेले. अध्यक्षांच्या गळ्यात हार.

खांब ठेवायला जागा नव्हती, तर यांनी मोठेपणानं सांगितलं — "आमच्या मागच्या खोलीत ऱ्हाऊ द्या." आता माझी पातेली बाहेर आणि खांब आत!

मी बोलत नाही यांच्याशी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासून पायरीला खेटून गाड्या. एकही आपल्या गिऱ्हाइकाची नाही, सगळ्या शेजारच्या बँकेत आलेल्यांच्या. टेबलावर उजेड नाही. रश्मी रस्त्याच्या पलीकडून हात करून गेली, सायकल थांबवायला जागाच नव्हती.

चप्पलवाला हळूच येऊन विचारून गेला, "वहिनी, पट्टा बरा हुता का वो?" मी म्हटलं, अध्यक्षांना विचारा.

अजून अबोला.

२७ सप्टेंबर, शनिवार

सुनील आला, बरोबर भिमाजीभाऊ. पोरगं नखं कुरतडत उभं. शेवटी भाऊच बोलले, "आप्पा, रागावू नगंस. आता समोर गाड्याच गाड्या, ह्याला जागा नको वाटती. शब्द आमीच मोडतोय."

आप्पासाहेबांनी मोठा सुस्कारा टाकला. "आता तुमीच नको म्हनताय तर माझा काय विलाज!" चेहरा असा पडलेला की मला दया आली. पाहुणे गेले. मी आत चहा ओतत होते, तर बाहेरून शीळ ऐकू आली. यांची!

दुकान राहिलं. माझं मशीन राहिलं. जीव भांड्यात पडला. पण पट्टा नाही, गिऱ्हाईक नाही, त्याचं काय?

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी मागच्या खोलीत गेले. आप्पासाहेब जमिनीवर बसून एकेक खांब ओल्या फडक्यानं पुसत होते. "भिमाला दिलेला शब्द मला मोडता येत नव्हता गं, त्यानंच मोडायला पायजे हुता," म्हणाले. मग खिशातून पेन काढलं. "बस हितं. पट्टा परत पायजे म्हनून अर्ज लिही. खाली अध्यक्ष म्हनून तुझं नाव घाल."

मला रडूच आलं. पद जरा मोठ्या अक्षरात घातलं.