तळाला जाणारं तेल

मरोदा, भिलाई
रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी साडेदहा

प्रिय मोनाताई,

आत्ता मी स्टुलावर चढून देवघराच्या वरची फळी घासत होतो. तिथे तेलाचा एक गोल डाग आहे, बाटलीच्या बुडाएवढा. सोडा लावला, राख लावली, जात नाही. बाटली मात्र जागेवर नाही. आई तुझ्या बाळंतपणासाठी तुमसरला आली तेव्हा पिशवीतून घेऊन आली, हे परवा तीच फोनवर म्हणाली. "तुह्या बाबाची आठवण हाय. सव्वा महिना झाला का नातीले लावीन." मी घाईघाईने म्हटलं, सध्या तिला कोणतंच तेल लावू नका, डॉक्टरांनी नाही म्हटलं आहे. मागून तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "कोनते डॉक्टर?" तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, ताई. म्हणून हे पत्र. माझ्यासोबत कामाला असलेला हर्षल उद्या तुमसरला चालला आहे, त्याच्या हाती पाकीट देतो. एकटी असशील तेव्हा वाच.

तुला आठवतं, बाबा कुम्हारीहून यायचे तेव्हा डब्याच्या पिशवीत कधी कधी एक छोटी बाटली असायची. जुने ट्रान्सफॉर्मर उघडायचं त्यांचं काम. ट्रान्सफॉर्मरचं तेल सांध्यांना चांगलं, हे आपल्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि बहुतेकांनी ते कुठून ना कुठून आणलेलंही होतं. पण बाबा कुठलंही तेल आणत नसत. लोट्यात पाणी घ्यायचे आणि एक थेंब टाकायचे. तरंगला तर हसायचे, "हे भजे तळाचं." सरळ तळाला जाऊन बसला, तर त्यांचा चेहरा खुलायचा. "जे पान्यात तळाले जाते, तेच हाडात उतरते. अस्सल हाय." मथुराकाकू भिंत धरून चालायच्या, त्यांचे गुडघे बाबांनीच चोळून चोळून मोकळे केले. पैसे कधी घेतले नाहीत. रविवारी ते अंगणात बसायचे आणि तू त्यांच्या मानेवरचे काळे दाणे पिनेने काढायचीस. एका दाण्याचा एक रुपया मागायचीस. ते म्हणायचे, "पगार झाला का देतो, सावकारीन बाई." दाणे पुन्हा यायचे. तेव्हा आपल्याला ते उन्हाळ्याचे वाटत.

नोव्हेंबरमध्ये आमच्या देवानंद शेठच्या वर्कशॉपवर प्रदूषण मंडळाच्या एक मॅडम तपासणीला आल्या. मागच्या शेडमधल्या जुन्या ड्रममधून त्यांनी तेल काढलं आणि काचेच्या भांड्यात पाण्यावर एक थेंब सोडला. थेंब तळाला गेला. ताई, मला इतका अभिमान वाटला की मी मध्येच बोललो, "मॅडम, ये असली है." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किसने बताया?" मी म्हटलं, माझ्या बाबांनी. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "लगाते थे क्या?"

मग त्यांनी मला समजावलं. नाव मी त्यांच्या कागदावरून अक्षर अक्षर उतरवून घेतलं: पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल. सहज पेट घेत नाही, म्हणून फार पूर्वी ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायचे. पाण्यापेक्षा जड असतं. ते जसं सहज जळत नाही, तसं शरीरातही सहज जिरत नाही. चरबीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. कातडीवर काळे दाणे येतात, तेही त्यानेच. २००१ साली स्टॉकहोमला पुष्कळ देशांनी मिळून करार केला, की अशी विषं हळूहळू जगातून काढायची. भारत त्यात २००६ मध्ये सामील झाला. भोपाळच्या घटनेनंतर आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला होता, त्याच्याखाली २०१६ मध्ये या तेलाबद्दल आदेश निघाला. हे तेल असलेलं कोणतंही यंत्र वापरण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५. म्हणजे गेल्या महिन्यातलीच. ड्रमना सील लागलं. ते दुसऱ्या देशात पाठवायचे तरी त्याचा वेगळा करार, वेगळे कागद. देवानंद शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "अबे, आता तेलालेही पासपोर्ट लागन का?" सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळी मथुराकाकूंकडे गेलो. त्यांच्याकडे अर्धी बाटली होती. मी मागितली तर त्यांनी पदराखाली घेतली. "गोलू, तू कावून घाबरून राहिला? तुह्या बाबाच्या हातानं मी चालाले लागली. आता कोन्या देशात साहेब लोकायनं सही केली म्हून माह्ये गुडघे दुखू देऊ का?" एवढ्या देशांनी सह्या केल्या, तारखा ठरवल्या, पण त्या कागदावर मथुराकाकूंची बाटली नाही आणि आपली फळीही नाही. चौथ्या दिवशी त्यांनी बाटली दिली, पण मला बसायला सांगितलं नाही. आता मी बाजारात गेलो की लोकांचे चेहरे पाहत नाही, गुडघे पाहतो. कोणी ताठ चालत आलं की वाटतं, यांनाही बाबांनी लावलं असेल. बाबांचा वास आठवला की तो त्या तेलाचाच वास असतो. दोन्ही मला वेगळे करता येत नाहीत.

दुर्गला एका डॉक्टरांना भेटलो. बाबांचं लिव्हर त्यामुळेच गेलं का, असं विचारलं. ते म्हणाले, आता नक्की सांगता येणार नाही. मी तीन वेळा विचारलं, तीनही वेळा तेच म्हणाले.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. बाटलीतलं तेल आपल्या छोट्या नीरजाला लागणार नाही, हे तू पाहशील. पण मला भीती फक्त बाटलीची नाही. सहावीत असताना जुनवानीच्या रस्त्यावर सायकलवरून पडून तुझा पाय मोडला होता. प्लास्टर निघाल्यावर बाबांनी चार हिवाळे रोज तुझा पाय चोळला. मी रडायचो, मलाही लावा. बाबा म्हणायचे, "थोडंच हाय रे, ताईले लागते." अस्सल तेल ते तुझ्यासाठी राखून ठेवायचे. हे जे अंगात राहतं ते आईच्या दुधातून लेकराला जातं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी डॉक्टरांना तुझं नाव न घेता सगळं सांगितलं. ते म्हणाले, दूध अजिबात बंद करायचं नाही, बाळाचा फायदा त्यातच जास्त आहे, फक्त आईची एकदा तपासणी करून घ्या. हे दुसऱ्या कोणाकडून अर्धवट ऐकून तू घाबरून दूध तोडशील, म्हणून आधी मीच कळवतो आहे. बुधवारी मी येतो, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. तोपर्यंत बाटलीचं झाकण घट्ट लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळ आणि उंच ठेव. मोरीत ओतू नको, मातीत नको, चुलीत तर नकोच. आईसमोर त्या तेलाला विष म्हणू नको, मी आलो की मीच बोलेन. आणि हे वाचताना नीरजा रडली, तर पत्र बाजूला ठेव आणि तिला पाज.

तुझाच,
गोलू