दात तुमचाच का पडला

गोदावन्सं, मी मुद्दाम टक्कर मारली असं लोधिवलीभर सांगत फिरताय, ते आधी बंद करा. मयताच्या घरात कोण मुद्दाम टक्कर मारतं? तुमी रस्त्यापासून गळा काढत धावत आलात, मी पदर तोंडाशी धरून ओटीवरून धावत उतरले. माहेरवाशीण आली की घरच्या बाईनं पुढं होऊन गळ्यात पडायचं, ही रीत काय मी काढलेली नाय. मी मान खाली घातली, तुमचं तोंड रडायला उघडं, आणि ठक्क झालं. (नमस्कार राहिला. नमस्कार. हिरडी सुकली का? मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. दाजींना सांगा विचारलंय म्हणून.)

लोकांना वाटलं, दोघी दुःखानं भोवळ येऊन पडल्या. कोणीतरी दोघींच्या नाकाला एकच कांदा आळीपाळीनं लावला. दात काय सापडला नाय. तिरडीवरच्या फुलांत पडून तुमच्या भावाबरोबरच गेला असणार, असं बायका म्हणतात. म्हणजे तेवढ्या तरी तुमी त्याच्यासंगती गेलात. आणि मयत उचलायच्या आधी रिक्षात बसून निघून गेलात, हे कुठल्या रीतीत बसतं?

दहाव्याला तुमचा हर्षद आला. शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून चूक कोणाची ते पुरुषांनी त्यालाच विचारलं. त्यानं दोन मुठी एकमेकींवर आपटल्या. म्हणाला, दोन वस्तू आदळल्या की ही तिला जेवढ्या जोरानं ढकलते, तेवढ्याच जोरानं ती हिला उलटं ढकलते, मग धावत कोणीही येऊ दे. म्हणजे जेवढी मी तुमाला लागले, तेवढ्याच तुमी मला. मी म्हटलं, मग दात तुझ्या आईचाच का पडला? तर म्हणतो, मामी, जोर सारखा, पण तुझ्या कपाळाचं हाड जाड. (चारचौघांत माझं डोकं दगड ठरवलंन. याला शिक्षण म्हणायचं.)

मग मला राहवलं नाय. विचारलं, शिळफाट्यावर कंटेनर तुझ्या मामाच्या मोटारसायकलला धडकला, तेव्हा पण सारखाच जोर काय रं? तो खाली बघून म्हणाला, हो मामी, कंटेनरला पण तेवढाच बसला. वन्सं, तो कंटेनर मी बघितलाय. पुढं बोटाएवढा ओरखडा हाय, फडक्यानं पुसला तर जाईल. असला कसला सारखा जोर, एकाचा रंग जातो नि दुसऱ्याचा जीव? तो वजनाचं कायतरी सांगत होता. मी उठून गेले.

आता मुद्दा. आईंना दिसत नाय, ते तुमाला ठाऊक हाय. त्यांनी तुमचा गळा ऐकला, मग ठक्क, मग बायकांचा ओरडा, मग तुमचा आवाजच बंद. त्यांच्या मनानं घेतलंय की लेकापाठोपाठ लेक पण गेली, आणि आमी लपवतोय. जेवण सोडलंय. पेज भरवली तर थुंकतात. माझ्या समिधानं परवा तुमाला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. तुमी बोललात, पण फटीतून शिट्टी वाजली. आई म्हणाल्या, ही माझी गोदी नाय, भाड्यानं आणलीय कोणतरी. तेव्हा फोनचं काम नाय. स्वतः येऊन त्यांच्या हाताखाली तोंड द्या. मानापमान मागनं बघू.

तुमची भावजय,
नंदा

ता.क. पत्र घेऊन हर्षद येतोय. खरं बोलला म्हणून त्याला ताटावरून उठवलंत, ते ऐकलं. पोराला जेवू घाला.

ता.क. आणखी. आई दिवसभर दोघांसाठी रडतात. मी एकासाठी पण अजून रडलेली नाय. तुमच्या गळ्यात पडून सुरू होणार होतं, ते तिथंच अडकलं. शेजारच्या बाया येऊन बसतात, पण त्यांचा तो कोण लागत होता? बुधवारपर्यंत येताय की नाय ते कळवा. येणार नसाल तर आईंना मी काय सांगायचं, तेवढं तुमच्या हातानं लिहून पाठवा.