अप्पा, तुमच्या कबरीत जागा मागितली आहे

प्रिय अप्पा,

सलाम. तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण उद्या चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीची सभा आहे आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही. सकाळपासून चहा टाकतेय आणि तो गार होतोय. शेवटी महावीर ओरडला, "अगं, बस की जरा एका जागी!" बसले, म्हणून हे लिहितेय.

कबरस्थानात आता नवी जागा उरलेली नाही. ज्यांच्या घरच्या जुन्या कबरी आहेत त्यांनी त्या पुन्हा उघडू द्यायच्या, आणि ज्यांचं कुणीच नाही त्यांनी कुणाकडे तरी जागा मागून ठेवायची, असं पंचांनी ठरवलंय. आणि काल आपल्या दारात कोण उभं? शलमोनकाका! हातात काठी, धाप लागलेली. डॉक्टरांनी हात टेकलेत म्हणे. लग्न केलं नाही, मागंपुढं कोणी नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "रूथ, तुझ्या अप्पाच्या कबरीत मला घेतीस काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अप्पा, याच माणसानं भर सभेत उभं राहून म्हटलं होतं ना, की हुपरीच्या जैनाशी रजिस्टर लग्न केलेल्या पोरीला प्रभुभोजन देऊ नका म्हणून? किती वर्षं ते प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्या बाकापर्यंत यायचं आणि मला वगळून पुढं जायचं! मग नवे पाळक आले आणि ताट माझ्यासमोर थांबायला लागलं. तेव्हाही कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि तुम्ही? तुम्ही पेटीवर, काका तबल्यावर, दर रविवारी. समेवर दोघांची मान एकदम हलायची, आणि उपासना संपली की एकमेकांना साधा सलाम नाही! मला वाटायचं, माझ्यासाठी तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत. मला त्याचा अभिमान होता, अप्पा.

मी काकांना तोंडावर म्हटलं, "माझं ताट अडवलंत, आता माझ्या बापाची कबर मागता?"

"व्हय, अडवलं. चुकलो मी," काका म्हणाले. "पर त्या दिशी, तू सभेला नव्हतीस, मी तुझ्या अप्पाला इचारलं की. तुझी पोरगी हाय, तुझं मत काय हाय ते सांग. 'ताट द्या' एवढं जरी म्हणाला असता तरी मी खाली बसलो असतो. गडी 'प्रार्थनेत ठेवूया' म्हणाला आणि उठून गेला."

प्रार्थनेत ठेवूया! मंडळीत कुणाचा आवाज जरा चढला की तुम्ही डोळे मिटायचात. आमेन म्हणून डोळे उघडेपर्यंत मूळ विषय गुंडाळलेला असायचा. घरीही तेच. मी महावीरचं नाव काढलं तेव्हा ताटावरून उठून गेलात. पुढं जावयाला कपडे केलेत, नातवाला मांडीवर घेऊन पेटी शिकवलीत, पण "रूथ, बरं केलंस" किंवा "रूथ, चुकलीस" यातलं एकही कधी तोंडातून निघालं नाही. रागावला असतात तरी चाललं असतं मला! मान्य होतं का तुम्हाला? आता कुणाला विचारू?

मी काकांना म्हटलं, "जितेपणी बोलला नाहीत, मग आता एका कबरीत कशाला?"

ते खोकला येईपर्यंत हसले. "जितेपणी बोलाय बसलो की त्यो उठून जायचा. तिथनं कुठं जातोय?"

मला हसू फुटलं आणि मग रडूच आलं. हाताला धरून त्यांना आत आणलं आणि चहा दिला. अजून राग पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू?

उद्या विषय निघाला की पाळकसाहेब म्हणतीलच, प्रार्थनेत ठेवूया. मी डोळे मिटणार नाही. आधी उभी राहून त्या ताटाचं बोलेन, सगळ्यांसमोर, काकांसमोर. मग सांगेन, आमच्या अप्पांच्या कबरीत शलमोनकाकांना जागा दिली. प्रार्थना त्यानंतर. हा माझा शब्द.

काका तुमच्याकडे येतील ते तोच जुना प्रश्न घेऊन, तुझं मत काय? या खेपेला उत्तर द्या, अप्पा. मी तिथं येईन तेव्हा तुमचं उत्तर काकांनाच विचारून घेईन.

तुमचीच,
रूथ