एरंडेल प्यालेल्या विलायती काठ्या

आदिलाबाद,
आश्विन वद्य एकादशी, १९५६

राजमान्य यशवंतराव यांस,
तुमच्या जिनिंगवाल्या चंपतरावाचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे सगळे खुशाल. औरंगाबादेचं पाणी तुम्हाला मानवलं का, वहिनींची कंबर आता कशी आहे, आणि दफ्तरांची वाटणी करता करता तुमचीच वाटणी होत नाही ना, ते सविस्तर कळवावे. इथे येत्या गुरुवारी किनवट मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही आंध्रात. कचेरीतली कपाटं, घड्याळं, खुर्च्या, सगळ्यांच्या याद्या झाल्या. (जनावरांच्या दवाखान्यातली एक म्हैस दोन्ही याद्यांत निघाली. ती सध्या निवांत रवंथ करते आहे. तिच्याइतकं निश्चिंत या जिल्ह्यात दुसरं कोणी नाही.)

तुम्ही विचारलं आहे की, तिकडे गोल्फ खेळताना चेंडू काही केल्या पुढे सरकत नाही, तर नव्या काठ्या घेऊ का? यशवंतराव, घेऊ नका. उत्तर एवढंच. पण कागद उरला आहे आणि मनात जळजळ आहे, म्हणून पुढचं लिहितो.

तुम्ही गेल्यावर इथल्या गोल्फ क्लबाच्या चांदीच्या पेल्याचा प्रश्न निघाला. खुर्च्या वाटता येतात, पेला कापता येत नाही. म्हणून ठरलं की आदिलाबादचा एक आणि किनवटचा एक अशा दोघांनी खेळावं. जिंकेल त्याचं नाव पेल्यावर कोरायचं, पेला वर्षभर त्याच्या गावी. पुढच्या दसऱ्याला पुन्हा सामना. किनवटकडून तुमचे मावसभाऊ भगवंतराव लाकूडवाले. आमच्याकडचे साहेब लोक बदलीचे पेटारे बांधत होते, त्यामुळे पाळी माझ्यावर आली. त्या पेल्यावर आजवर तालुकदार, कप्तान आणि जंगलसाहेब यांचीच नावं आहेत हे तुम्ही जाणता. क्लबाच्या फाटकासमोर मी अठराव्या वर्षी कापसाची गाडी उभी केली, तेव्हा पहारेकऱ्याने बैलांसकट मला हुसकलं होतं. त्या पेल्यावर एकदा 'चंपतराव' हे नाव कोरलं जावं एवढीच माझी हौस. ती मी तुमच्याखेरीज कोणाला सांगितलेली नाही. (घरी आमच्या रेणुकाबाईंनाही नाही. पण त्यांना ठाऊक आहे.)

आता आमचे सुधाकरराव वकील. या माणसाचा चेंडू चार वर्षांत एकदाही सरळ गेलेला नाही, अशिलाचं काम तर त्याहून नाही. पण पोलादी दांड्याच्या नव्या काठ्या घेऊन आले आणि मला म्हणाले, "चंपतराव, लाकडी दांड्यानं आता कोन खेळून राह्यलं जी? राज्य बदललं, तुमी केव्हा बदलान?" झालं. दुसऱ्याच दिवशी सिकंदराबादचा एक विक्रेता माझ्या ओसरीवर. त्याने काठ्या अशा मांडल्या की जणू नवरीचे दागिने. या काठीने चेंडू उंच जातो, त्या काठीने लांब जातो, ही काठी तर चूक पोटात घालते. यशवंतराव, मी वीस वर्षं कापूस घेतला-विकला. माणूस मालाऐवजी पोत्याची तारीफ करू लागला की पोत्यात हात घालून बघावा, हे मी लोकांना शिकवतो. त्यात माझे कान किती तिखट आहेत ते तुम्हाला माहीत आहे. तो आपल्या सोबत्याला तेलुगूत हळूच म्हणाला की, यांना कोणतीही काठी द्या, चेंडू जायचा तिकडेच जाणार. मी तेलुगू बाजारात पोती उचलत शिकलो, शब्द न शब्द समजला. तरी घेतल्या! का घेतल्या? वकिलाकडे आहेत म्हणून. वर माझ्या जुन्या काठ्याही तोच बदल्यात घेऊन गेला, आणि जाताना त्या फार जपून बांधल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे जिनिंगची सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडतात, आणि यंत्राच्या चामडी पट्ट्यांना एरंडेल पाजतात. काठ्याही तिथेच मांडल्या. त्यांच्या मुठीला चामडं. महिपत मिस्त्रीने तीस वर्षं चामडं दिसलं की तेल दिलं आहे. त्याने मुठींनाही चांगले तीन हात दिले. मी ओरडलो तर म्हणतो, "चामडं हाय न थे, मालक! तेल नाई देल्लं तं तडकते. मंग मलेच बोलान." पूजेचं तेल पुसायचं नाही, असं रेणुकाबाईंनी बजावलं. वरवर कोरडं दिसत होतं, म्हणून मीही पुसलं नाही.

सामना दसऱ्यानंतरच्या रविवारी. भगवंतरावांच्या हातात एकच काठी. तिचा दांडा मोडला तेव्हा त्यांनी सुताराकडून सागवानी दांडा बसवून घेतला आणि वर लोखंडी पट्टी ठोकली. ती काठी पाहून वकील हसले. मीही हसलो. पुढचा तासभर भगवंतराव साठ पावलं, सरळ साठ पावलं, असे मुंगीसारखे चालत राहिले. माझा चेंडू मात्र दोनशे पावलं जायचा, पण शेजारच्या कापसात. बोंडं फुटलेली! पांढऱ्या कापसात पांढरा चेंडू शोधून पाहा कधी. मी, कापसावर पोट भरणारा माणूस, त्या दिवशी कापसाला मनापासून शिव्या दिल्या. जुन्या काठीची चूक पन्नास पावलांवर दमून बसायची, नवी काठी तीच चूक थेट दुसऱ्याच्या वावरात नेऊन पोचवते. नव्या काठीचा गुण म्हणाल तर हाच.

तरी आठव्या खड्ड्यापर्यंत बरोबरी ठेवली होती. नवव्याला, म्हणजे शेवटच्याला, मोठ्या डोक्याची काठी घेतली. ऊन चढलेलं, मुठीतलं एरंडेल पाघळून वर आलेलं. मी टोला मारला. चेंडू तीन हात सरकला, आणि काठी हातातून सुटून तहसीलदारसाहेबांच्या मांडवावर! मांडव बसला, साहेब आत. बाहेर काढले तेव्हा सरबताचं पातेलं त्यांच्या मांडीवर होतं. भगवंतराव तेवढ्यात साठ-साठ पावलं चालून खड्ड्यापाशी पोचले. त्यांचं नाव कोरायला पेला सोनाराकडे गेला आहे.

घरी रेणुकाबाई म्हणाल्या, "काऊन जी, काठीच फेकून माराची होती तं घरचं मुसळ न्याचं होतं."

तेव्हा यशवंतराव, हात जसा असेल तसाच खेळ. काठी नुसती दुकानदाराला पुढे नेते. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
चंपतराव

ता. क. पेला घेताना भगवंतरावांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "थ्या काठ्या कुठून आनल्या जी? लयच चमकून राह्यल्या." जिंकलेला माणूस!

ता. क. दुसरा : म्हणून एक विनंती, पत्र त्यासाठीच लिहिलं. भगवंतराव तुमचा शब्द मानतात. त्यांना लिहा की तुम्ही नव्या काठ्या घेतल्या आणि तुमचा खेळ पार सुधारला. चंपतराव आपला संच त्या जुन्या सागवानी काठीच्या बदल्यात देतो म्हणतो, असंही सुचवा. पुढच्या दसऱ्याला त्यांच्या हातात माझा संच असला की पेल्यावर कोणाचं नाव येईल ते पाहा. पत्र लवकर टाका. गुरुवारनंतर ते आम्हाला परराज्यात.

ता. क. तिसरा : संचात मोठ्या डोक्याची काठी नसेल. त्यांनी विचारलं तर ती हल्ली कोणी वापरत नाही असं सांगा. मी तिची मूठ राखेने घासून कोरडी केली, आणि आज सकाळी कोणी नसताना एकच टोला मारून पाहिला. यशवंतराव, चेंडू काय जातो हो!