कुंडावरच्या बायकांना वाटलं

अकलोली, जानेवारी १९५६

ज्युलियाच्या पपांना ल्युसीचा नमस्कार. प्रभू घरातल्या सगळ्यांना सांभाळो.

गुडघा वाकायला लागला. मी जिच्या ओटीवर राहते त्या शेवंतीबाईंनी आज स्वतः दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "सूज गेली गं, आता घरी जायला हरकत नाही." तेव्हा काळजी नको.

कुंडातलं पाणी कढत आहे, गंधकाचा वास अंगाला राहतो. देवीच्या कुंडात उतरले म्हणून फादर रागावले का? त्यांना म्हणावं, खालचा जाळ देवानंच घातलाय. ज्युलिया वेणी कोणाकडून घालून घेते? आईंचा खोकला कसा आहे?

इथं एक गंमत झाली. माझं कपाळ मोकळं बघून बायका मला विधवाच समजत होत्या. काल एका म्हातारीनं माझी पाठ चोळता चोळता विचारलं, "कशानं गेले गं तुझे?"

"कुठं गेलेत? बोरीवलीला वांगी पिकवतात की! आम्ही किरिस्ताव, कुंकू लावत नाही."

सगळ्या खूप हसल्या. मग तीच म्हणाली, "अगं, मग एकदा तोंड दाखवायला आले कसे नाहीत?"

मी म्हटलं, वांगी तोडणीला आलीत. त्यावर कोणी हसलं नाही.

वाडी सोडून येणं कठीण, ते मला कळतं. पण मला न्यायला एडवर्ड भावजींना पाठवू नका, तुम्हीच या. रविवारी मिस्सा झाल्यावर निघालात तर वसईहून दुपारची एस.टी. मिळेल. या बायका थांब्यावर येणार आहेत, तुम्हाला बघायला.

तुमची,
ल्युसी